संगमरवराचा स्वभाव

देवाच्या मूर्तीला चिंच लावावी की लावू नये, एवढ्याचे उत्तर शोधण्यास कोणी नर्मदेपर्यंत जात नाही. मीही त्यासाठी गेलो नव्हतो. कार्तिकात प्रयागची यात्रा आटोपून परत येताना जबलपुरास पुतण्याकडे दोन दिवस उतरावे व भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहून यावे, एवढाच बेत होता. बरोबर धाकटे बंधू, भावजय, माझी थोरली सून व नववीत शिकणारा नातू अशी मंडळी होती. परंतु प्रवासात मनुष्य पाहण्यास जातो एक आणि पाहून येतो दुसरेच, तसे माझे झाले.

आरंभी आमच्या घरातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या देवघरात पंचायतनाशेजारी लक्ष्मीनारायणाची वीतभर उंचीची संगमरवरी मूर्ती आहे. तीर्थरूपांनी ती 1958 साली जयपुराहून आणली. लहानपणी मी पाहिलेली ती मूर्ती लोण्याच्या गोळ्यासारखी गुळगुळीत व तुकतुकीत होती. बावीस वर्षांपूर्वी थोरली सून लग्न होऊन घरात आली. पहिल्याच आषाढी एकादशीला तिने पहाटे उठून देवांची पितळी उपकरणी चिंचेने लखलखीत केली आणि त्याच हाताने, त्याच भक्तीने, लक्ष्मीनारायणालाही चिंच लावली. मूर्ती कोरडी झाल्यावर पाहतो तो तिचे तेज गेलेले; हात फिरवावा तर खरखर लागे. मातोश्रींस फार वाईट वाटले व त्या बोलू नये ते बोलल्या. मीही शहाणपणा करून म्हणालो, “खरा संगमरवर असता तर चिंचेने काय होणार होते? एक तर दगड हलका, नाही तर हात जड!” सारे हसले. सून हसली नाही. त्या दिवसापासून तिने नैवेद्याचा स्वयंपाक कधी चुकविला नाही, पण देवांना हात म्हणून लावला नाही. मातोश्री गेल्या, त्यासही आता पुष्कळ वर्षे झाली. तरी देव धुण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी तरी करावे, हा क्रम तसाच राहिला.

आता माझ्या शहाणपणाविषयी. माझा मूळ विषय संस्कृत. पण लहान गावच्या शाळेत शिक्षक कमी पडले की कोणताही तास कोणाच्याही गळ्यात पडतो, त्या न्यायाने भूगोल मी पुष्कळ वर्षे शिकविला. अग्निजन्य, गाळाचे व रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार. चुनखडकाचे रूपांतर होऊन संगमरवर होतो. ही वाक्ये मी किती मुलांकडून घोकून घेतली असतील याची गणती नाही. इतकेच नव्हे, तर शहाबादी फरशीच्या तुकड्यावर आम्लाचे थेंब टाकून फेस कसा येतो, हेही दरवर्षी वर्गात करून दाखविले. फरशी म्हणजे चुनखडक, संगमरवर म्हणजे तोच चुनखडक, आणि चिंच म्हणजे आम्ल. ही तीन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवण्यास मला बावीस वर्षे लागली.

जबलपूर व त्याचा परिसर म्हणजे खडकांच्या या तीन प्रकारांचे उघडे पुस्तकच होय. पहिल्या दिवशी सकाळी पुतण्याने आम्हांस मदनमहालाच्या टेकडीवर नेले. तेथे ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकावर एक रचल्यासारख्या पडल्या आहेत. त्यांतील एक शिळा दुसरीवर इतक्या थोड्या जागी टेकली आहे की, बोट लावले तर घरंगळेल असे वाटावे. परंतु 22 मे 1997 च्या भूकंपात शहरातील घरे पडली, भिंती फुटल्या, आणि ही शिळा होती तेथेच राहिली. ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक. भूगर्भातील तप्त रस खोलवर हळूहळू निवून तो घडतो. आपल्याकडचा काळा दगडही अग्निजन्यच, पण तो ज्वालामुखीच्या भेगांतून वर येऊन भूपृष्ठावर थिजलेला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हारसाचे थर म्हणजेच आपले सह्याद्रीचे कडे, आपले गड, आपल्या घरचे जाते आणि पाटा.

तेथून आम्ही लमेटाघाटावर उतरलो. या घाटाचे नाव सर्व जगाच्या भूशास्त्रात गाजलेले आहे, ते तेथील वाळूच्या व चुन्याच्या थरांमुळे. हे थर गाळाचे. नदीनाल्यांनी व तळ्यांनी साठविलेले. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेला स्लीमन, याला 1828 साली जबलपुराजवळ याच जातीच्या थरांत प्रचंड हाडे सापडली. पुढे ती एका अवाढव्य सरड्याच्या कुळातील, म्हणजे डायनोसॉरची, ठरली. नातवाला अर्थातच हे स्थळ सर्वांत आवडले. मला मात्र नवल वाटले ते याचे की, सकाळी अग्निजन्य व दुपारी गाळाचा असे दोन खडक आम्ही पायाखाली घातले होते आणि तिसरा आता थोड्याच अंतरावर आमची वाट पाहत होता.

भेडाघाटास प्रथम धुवांधार पाहावा. नर्मदामाई रुंद पात्रातून संथ येते आणि एकाएकी खडकाच्या फटीत झेप घेते. पाण्याचे तुषार धुरासारखे वर उठतात, म्हणून नाव धुवांधार. बोलणे ऐकू येत नाही. भावजयींनी हात जोडले, आम्हीही जोडले. धबधब्याच्या खाली नदी संगमरवराच्या अरुंद घळीत शिरते व सुमारे तीन किलोमीटर तशीच वाहते. ही घळ नावेतून पाहण्यासाठी पंचवटी घाटावर यावे लागते. पावसाळ्यात नावा बंद असतात. कार्तिकात पाणी निवळलेले असते.

नाव घळीत शिरली आणि धबधब्याचा गजर मागे पडला. दोन्ही बाजूंस शंभर फुटांपर्यंत उंचीचे कडे सरळ पाण्यातून वर आलेले. कोठे शुभ्र, कोठे पिवळसर, कोठे निळसर, कोठे फिकट गुलाबी. मधूनच काळ्या-हिरव्या खडकाचे पट्टे त्यांना चिरून गेलेले. एके ठिकाणी दोन्ही तट इतके जवळ येतात की, पूर्वी वानर या काठावरून त्या काठावर उडी मारीत, असे सांगतात. त्या जागेस बंदरकूदनी म्हणतात. नावाडी प्रत्येक खडकाची यमकांत वर्णने करीत होता आणि मंडळी हसत होती. माझी नजर मात्र पाण्याच्या रेषेवर होती. जेथे पाणी कड्याला लागत होते तेथे दगड झिजून, गोल होऊन, खोबणी पडून गेला होता. एवढा मोठा पर्वत नदीने करवतीसारखा कापला. मग या दगडास कठीण कोणत्या अर्थाने म्हणायचे?

हा दगड होतो कसा, ते थोडक्यात सांगतो. उथळ समुद्राच्या तळाशी चुना साठतो व त्याचा चुनखडक बनतो. पुढे भूकवचाच्या हालचालींत तो खोल गाडला जातो. तेथील उष्णता व दाब यांनी त्याचे बारीक कण वितळल्यावाचूनच पुन्हा रचले जातात व एकमेकांत घट्ट गुंतलेले स्फटिक तयार होतात. पिठीसाखरेची खडीसाखर व्हावी तसा हा प्रकार. फरक एवढाच की, येथे पाक करावा लागत नाही. संगमरवराचा तुकडा नुकताच फोडला असता तो साखरेसारखा चमकतो, तो यामुळेच. चुना शुद्ध असेल तर दगड पांढरा. लोहाचा अंश असेल तर पिवळा किंवा तांबूस. कर्बाचा असेल तर करडा वा काळा. पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते की, संगमरवर शंखशिंपल्यांचा होतो. इटलीतील कराराच्या संगमरवराविषयी, ज्यातून मायकेलअँजेलोने 1501 ते 1504 या काळात आपला डेव्हिड कोरला, असे म्हणता येईल; कारण तो चुना साठला त्या काळी समुद्रात शिंपल्यांचे प्राणी होते. परंतु भेडाघाटचा दगड दीडशे कोटी वर्षांहूनही जुना आहे. तेव्हा शंख नव्हते, शिंपले नव्हते, मासेही नव्हते. होते ते फक्त डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव आणि चुन्याने भरलेला समुद्र. ज्या दगडाकडे पाहून आपण कठोरपणाची उपमा देतो, तो मुळात असा मऊ चिखल होता.

नावेतून उतरून आम्ही पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या मंदिरात गेलो. वर्तुळाकार आवाराच्या भिंतीतून योगिनींच्या भग्न मूर्ती बसलेल्या आहेत व मध्ये गौरीशंकराचे देऊळ आहे. येथून जवळच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी होती; आजचे तेवर गाव ते हेच. कलचुरींचे सारे कोरीव लेख एकत्र करून ते 1955 साली विद्वानांपुढे मांडले, ते आपल्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. तेव्हा मराठी माणसाने तेथे क्षणभर थांबावे हे युक्तच होय. मला विशेष वाटले ते असे की, पायथ्याशी संगमरवराचा डोंगर असूनही या योगिनी संगमरवराच्या नाहीत. सहज हाताशी असलेली वस्तू सर्वच कामांस योग्य असते असे नाही, हे त्या जुन्या शिल्पींस ठाऊक असले पाहिजे.

धुवांधारकडे जाणाऱ्या वाटेवर दोहों बाजूंस मूर्ती व दिवे विकणाऱ्यांची दुकाने आहेत. भावजयींस गणपती घ्यायचा होता. एका दुकानात वृद्ध कारागीर स्वतः कानस चालवीत बसला होता. त्याने एक गणपती पुढे केला; नातवाने त्यावर नख ओढले, तो पांढरी रेघ उठली. कारागीर रागावला नाही. म्हणाला, “ये गोरा पत्थर है, बेटा, नरम होता है.” म्हणजे आपल्याकडे ज्याच्या पुडीला शंखजिरे म्हणतात त्या जातीचा दगड. संगमरवरावर नखाने रेघ उठत नाही, लोखंडी खिळ्याने मात्र उठते. नंतर त्याने फडक्यात गुंडाळलेली दुसरी मूर्ती काढली. “ये मकराने का है. लेकिन माताजी, इस पर खटाई कभी मत लगाना. चमक चली जाएगी, फिर लौटेगी नहीं.”

मी मान वर केली. सून भावजयींच्या मागे उभी होती. तिने फक्त दोन शब्द विचारले, “और दही?”

“दही भी तो खट्टा ही है, बहूजी.”

झाले. तेथे मला माझा वर्ग आठवला, शहाबादी फरशीचा तुकडा आठवला आणि त्यावरचा फेसही आठवला. मातोश्री दर एकादशीस लक्ष्मीनारायणाला पंचामृताचा अभिषेक करीत. दही त्यात आलेच. 1958 पासून सून घरात येईपर्यंत किती एकादश्या झाल्या असतील! चिंचेने जे एका पहाटे केले, तेच आमचे दही वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने करीत होते. मूर्तीच्या नाकाडोळ्यांची धार अगोदरच बोथट झाली होती, पण ती रोज पाहणाऱ्या डोळ्यांना दिसली नाही. दोष शेवटच्या हाताला लागला.

रात्री पुतण्याच्या घरी नातवाने प्रयोग मांडला. कारागिराने कचऱ्यातील तीन ढलप्या दिल्या होत्या : एक मकराण्याची, एक भेडाघाटची व एक गोऱ्या दगडाची. तिन्हींवर लिंबू पिळले. मकराण्याच्या तुकड्यावर बारीक बुडबुडे उठले व पुसल्यावर तेथे निस्तेज डाग राहिला. गोऱ्या दगडावर काहीच झाले नाही. भेडाघाटच्या तुकड्यावरही काही होईना, तेव्हा नातू म्हणाला, “आजोबा, हा खोटा!” तो खोटा नव्हे. मकराण्याचा संगमरवर म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागताच त्यातून कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीतला वायू, सुटतो. भेडाघाटच्या दगडात मॅग्नेशियमचा अंश मोठा. त्याला डोलोमाइटी संगमरवर म्हणतात. थंड व सौम्य आम्लास तो सहसा दाद देत नाही. त्याचे चूर्ण केले तर मात्र सावकाश विरघळू लागतो. एकाच घरातील दोन भावांचे स्वभाव निराळे असावेत, तसे हे दोन दगड. नावावरून पारख करू नये, एवढे खरे.

नावाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मूळ ग्रीक भाषेतील चकाकणाऱ्या दगडाचे नाव फारसीत ‘मर्मर’ झाले. ‘संग’ म्हणजे दगड. त्यांवरून आपला संगमरवर. संस्कृतातही ‘मर्मर’ शब्द आहे, पण अमरकोशात त्याचा अर्थ वस्त्रांचा व पानांचा सळसळाट असा आहे. या दगडाशी त्याचा संबंध नाही.

आता या दगडाचा उपयोग कोठे करावा? त्याचा स्वभाव ओळखला की उत्तर आपोआप मिळते. संगमरवराच्या स्फटिकांत प्रकाश थोडा आत शिरतो व मग परततो. म्हणून मूर्तीला त्वचेची कांती येते. तो पायाची उष्णता चटकन ओढून घेतो. म्हणून देवघराची व ओसरीची फरशी उन्हाळ्यात सुखद लागते आणि संगमरवरी पोळपाटावर कणीक थंड राहते. स्वयंपाकाच्या ओट्याला मात्र तो योग्य नव्हे. तेथे लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो यांचे राज्य. हळद सांडली तर तीही त्याच्या सूक्ष्म छिद्रांत मुरते. कडप्पा व शहाबादी हे चुनखडकच असल्यामुळे त्यांनाही आंबट सोसत नाही. ओट्याला ग्रॅनाइट बरा. ज्या खलात लिंबाच्या रसाच्या भावना द्यायच्या तो खलही संगमरवरी नसावा. फरशी पुसण्यास साधे पाणी वा सौम्य साबण पुरे. न्हाणीघर धुण्याचे तेजाब तिला लावणे म्हणजे तिचा जीवच घेणे होय.

मोठ्या इमारतींसही हाच न्याय लागू आहे. अबूच्या पहाडावरील विमलवसही मंदिर 1031 सालचे. त्याचे बाह्यांग साधे असून कोरीव काम सारे आत, छताखाली आहे. पावसाचे पाणीसुद्धा किंचित आम्लधर्मी असते, हे ध्यानी घेता त्या योजनेचे महत्त्व पटते. ताजमहाल 1632 पासून मकराण्याच्या दगडात उभा राहिला. कलकत्त्याचा व्हिक्टोरिया स्मारकवाडा, जो 1921 साली खुला झाला, तोही त्याच खाणींचा. 2019 साली मकराण्याच्या संगमरवरास जागतिक वारशाचा दगड म्हणून भूशास्त्रज्ञांनी मान दिला. ताजमहालाला अवकळा येऊ लागली ती धूर, काजळी व गंधकाच्या वायूंमुळे. म्हणून 30 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या कारखान्यांस दगडी कोळसा सोडण्याचा आदेश दिला. आणि त्याचा पिवळेपणा काढण्यासाठी पुरातत्त्व खाते काय करते? मुलतानी मातीचा लेप देऊन तो वाळल्यावर साध्या पाण्याने धुते. आजीने नातीच्या तोंडाला लावावा तोच लेप. घासणे नाही, आंबट नाही.

घरी परतल्यावर पहिल्या एकादशीस मी सर्व मंडळींसमक्ष सुनेला म्हणालो, “त्या दिवशी दगड हलका नव्हता, तुझा हातही जड नव्हता. हलके होते ते माझे बोलणे. शिकवीत होतो, पण शिकलो नव्हतो.” सासऱ्याने सुनेपुढे असे बोलावे याची आमच्याकडे वहिवाट नाही; बंधू खाली पाहू लागले. ती काही बोलली नाही. पदराला हात पुसून ती देवघरात गेली.

मूर्तीला पुन्हा झिलई द्यावी असा विचार निघाला होता. परंतु झिलई म्हणजे आणखी एक थर घासून काढणे. आधीच बोथट झालेले नाकडोळे तेवढ्यानेही जातील, म्हणून तो सोडून दिला. पंचायतनातला नर्मदेचा बाण कठीण गारेच्या जातीचा. पिढ्यान्‌पिढ्या तो पंचामृताने न्हाला, पण त्याच्या अंगावर ओरखडा नाही. तेव्हा पंचामृताचा अभिषेक बाणाला करावा आणि लक्ष्मीनारायणास तुळशीपत्र व गंध वाहावे, असे ठरले. धर्माला यात कोठे बाध येतो असे मला तरी वाटत नाही. ज्याचा जसा स्वभाव तशी त्याची पूजा.

हे ठरत असता देवघरातून सुनेचा आवाज आला, “मामंजी, मूर्ती पुसायला कापड कोरडे घेऊ की ओले?”

“आधी ओले, मग कोरडे,” मी म्हणालो. बावीस वर्षांत तिने मला देवघरातून विचारलेला हा पहिला प्रश्न.